‘टोबॅको रोड’ : दारिद्र्याचे हसू आणि रसिकांचे दोन तट

अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्ड यांची कीर्ती इतकी प्रस्थापित आहे की तिच्याविषयी नव्याने काही सांगण्याचे प्रयोजन नाही. उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर पारितोषिक त्यांनी चार वेळा मिळविले. १९४० चा ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ आणि १९४१ च्या अखेरचा ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’ हे दोन्ही त्या चारांपैकी. पण या दोन सन्मानित चित्रपटांच्या मधोमध, १९४१ च्या फेब्रुवारीत, त्यांचा आणखी एक चित्रपट येऊन गेला. त्याचे नाव ‘टोबॅको रोड’. विषय तोच : जमिनीतून उखडला गेलेला दरिद्री शेतकरी. पटकथाकारही ‘ग्रेप्स’चाच, नन्नली जॉन्सन. फरक एवढाच की हा चित्रपट हसवतो. या एका फरकामुळेच गेली आठ दशके त्याच्याविषयी रसिकांचे दोन तट पडले आहेत.

आम्ही हा चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला, तो चार-पाच स्नेह्यांच्या संगतीत. चित्रपट संपला तेव्हा खोलीत जी चमत्कारिक शांतता पसरली ती रसभंगाची होती की रसपरिपोषाची, हे त्या वेळी कुणालाच सांगता आले नसते. नंतर जे वाद झाले ते मात्र आम्हाला पुरेपूर आठवतात, आणि त्यांतूनच हा लेख जन्मला आहे.

प्रथम थोडे मूळ कृतीविषयी. अर्स्किन कॉल्डवेल यांची ‘टोबॅको रोड’ ही कादंबरी १९३२ साली प्रसिद्ध झाली. कॉल्डवेल हे जॉर्जिया प्रांतातील एका धर्मोपदेशकाचे पुत्र. वडिलांच्या सोबत गरीब गोऱ्या कुळांच्या झोपड्यांतून हिंडताना जे दिसले ते त्यांनी कागदावर उतरविले. पूर्वी तंबाखूची अवजड पिंपे ज्या वाटांनी नदीपर्यंत लोटत नेत त्या वाटांना ‘टोबॅको रोड’ म्हणत. तंबाखूने जमिनीचा कस गेला, मग कापूस आला, कापसानेही उरलासुरला कस शोषला. वाट मात्र नावापुरती राहिली. जॅक कर्कलंड यांनी कादंबरीचे नाटक केले. ते १९३३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि १९४१ च्या मेपर्यंत अखंड चालले. त्याचे ३,१८२ प्रयोग झाले! म्हणजे चित्रपट पडद्यावर आला त्या दिवशीही नाटकाचा पडदा वर जातच होता. शिकागोच्या महापौरांनी १९३५ मध्ये त्याच नाटकावर बंदी घातली होती, हेही नमूद केले पाहिजे. लोक नाटकाला गर्दी करीत होते ते दारिद्र्याची कणव येऊन की त्यातील चावट प्रसंगांच्या ओढीने, याचा निर्णय त्याही काळी लागला नव्हता.

कथा म्हणावी तर अगदी थोडकी. जीटर लेस्टर हा म्हातारा शेतकरी. त्याच्या पूर्वजांची ही सारी जमीन. आता तो तिच्यावर केवळ कूळ, आणि तेही पीक न काढणारे कूळ. बायको एडा, न लग्न झालेली मुलगी एली मे, अर्धवट मुलगा ड्यूड आणि एक शब्दही न बोलणारी म्हातारी आई. घरात अन्नाचा कण नाही. जमीन हार्मन घराण्याकडून बँकेच्या ताब्यात जाते आणि बँक वर्षाचा शंभर डॉलर खंड मागते. जीटरजवळ शंभर सेंटही नाहीत. दरम्यान सिस्टर बेसी नावाची एक धर्मप्रचारिका विधवा, वयाने कितीतरी लहान असलेल्या ड्यूडशी लग्न करते. त्याला वश करण्याचे साधन काय, तर मृत नवऱ्याच्या विम्याच्या पैशांतून घेतलेली नवी मोटार आणि तिचा कर्णा! बघता बघता ड्यूड त्या मोटारीचा चेंदामेंदा करतो. अखेर जीटर आणि एडा निराधारांच्या सरकारी आश्रयाकडे पायी निघतात, वाटेत हार्मनचा मुलगा टिम त्यांना गाडीत घेऊन पुन्हा त्यांच्या झोपडीपाशी सोडतो. काही महिन्यांचा खंड त्याने स्वतः भरलेला असतो, वर बियाण्याकरिता पैसेही देतो. जीटर उत्साहाने नांगरटीच्या गोष्टी बोलतो आणि बोलता बोलता ओसरीवर पुन्हा बसकण मारतो.

कादंबरीत असे नाही. तेथे जीटर दरवर्षीप्रमाणे रान पेटवून देतो, या वर्षी तरी पेरणी होईल या आशेने, आणि त्याच आगीत रात्री झोपेत ती दोघे जळून मरतात. नाटकात एडा मोटारीखाली सापडते. चित्रपटाने दोघांनाही जगविले. आक्षेप घेणारे पहिले बोट येथेच ठेवतात.

त्यांचे म्हणणे सारांशाने नव्हे, पुऱ्या जोराने मांडले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. एका वर्षापूर्वी ज्या हाताने जोड कुटुंबाची फरफट इतक्या गांभीर्याने चितारली, त्याच हाताने लेस्टर कुटुंबाला विदूषक बनवावे? ‘ग्रेप्स’मधील जोड आजोबा म्हणजे नट चार्ली ग्रेपविन, येथे तोच जीटर. ‘ग्रेप्स’मधील जोड आजी म्हणजे झेफी टिलबरी, येथे तीच लेस्टरांची मुकी म्हातारी. जणू काय त्या दोघांचे शोकान्त मरण फोर्ड यांनी उलटे करून त्याची सोंगे काढली. ड्यूड सतत किंचाळतो, चेंडू घरावर आपटतो, आईबापांना दरडावतो. सगळे कुटुंब मिळून जावयाची सलगमांची पिशवी लुबाडते. आणि प्रेक्षक हसतो. तो कशाला हसतो? भुकेला हसतो. भूक असलेला माणूस आळशी, लबाड, ओंगळ आणि निर्बुद्ध आहे, म्हणून त्याची भूक ही त्याचीच करणी, असे पोटभरल्या प्रेक्षकाला घरी जाताना वाटावे, याची पूर्ण सोय चित्रपटात आहे. आमच्यातील एक स्नेही, जे आयुष्यभर शाळेत शिकवीत आले, ते म्हणाले की दारिद्र्याची थट्टा करण्याचा अधिकार दरिद्र्यालाच आहे, इतरांना नाही.

या वाक्यावर आम्ही बराच विचार केला. वडोदऱ्यास हयात घालविलेल्या चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाची जी फजिती रंगविली ती चिमणरावाच्याच तोंडून. हसणारा आणि हसे होणारा एकच; म्हणून त्या विनोदाला डंख नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आली ती त्याच मातीत वाढलेल्या माणसाने लिहिलेली. पण पुढे आपल्याकडेही ग्रामीण विनोदी कथेचा सुकाळ झाला, शहरातील सभागृहे खेडुताच्या बावळटपणाला टाळ्या देऊ लागली, आणि १९७० नंतरच्या ग्रामीण साहित्याच्या चळवळीने या हसण्याला रोखठोक आक्षेप घेतला. तेव्हा हा वाद परका नाही. फोर्ड हे मेन प्रांतात आयरिश आईबापांच्या पोटी जन्मले. जॉर्जियाच्या कापूसपट्ट्याशी त्यांचे काही नाते नव्हते. त्यांचे लेस्टर कुटुंब आम्हाला तर पुष्कळ ठिकाणी जॉर्जियापेक्षा आयर्लंडचेच वाटते. तीच बडबड, तीच शपथा-प्रार्थनांची सरमिसळ, तेच उद्यावर ढकलणे. १९५२ च्या ‘द क्वाएट मॅन’मध्ये हेच सारे आयर्लंडच्या हिरव्या कुरणात शोभून दिसले. तेथे पोटे भरलेली होती.

दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की हा चित्रपट विनोदी आहे हीच मुळात गैरसमजूत आहे. आर्थर मिलर यांचे छायालेखन पाहा, असे ते सांगतात. वाऱ्यावर उडणारी पाने, मोडके कुंपण, धुळीतून तिरकस येणारा प्रकाश. हसण्याच्या मागे एक गाव मरताना दिसते आहे. जीटर आळशी आहे हे खरे. पण ज्या जमिनीत काही उगवत नाही, जिच्यासाठी कुणी बियाणे उधार देत नाही, खत देत नाही, तेथे उद्योगी माणसाने तरी काय केले असते? त्या काळचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. १९३३ च्या शेतीविषयक कायद्याने कापसाची लागवड कमी करण्यासाठी सरकारने पैसे दिले, ते बव्हंशी जमीनमालकांना. पीक घटले तसे कुळांची गरज घटली, आणि हजारो कुळे रस्त्यावर आली. जीटरचा आळस हे कारण नसून परिणाम आहे.

येथे आम्हाला प्रेमचंदांच्या ‘कफन’ची आठवण होते. अखेरच्या दिवसांत लिहिलेल्या त्या कथेतील घीसू आणि माधव हे बापलेक, आत प्रसूतिवेदनांनी सून तडफडत असताना बाहेर बटाटे भाजून खातात, आणि तिच्या कफनासाठी गोळा झालेल्या पैशांची दारू पितात. प्रेमचंद तेथे गावाकडे बोट दाखवितात : राबणाऱ्यांची दशा जर यांच्याहून फारशी बरी नसेल, तर न राबणारे हे दोघे अधिक शहाणेच नव्हेत काय? मृणाल सेन यांनी १९७७ मध्ये याच कथेवर ‘ओका ऊरी कथा’ हा तेलुगू चित्रपट केला. हैदराबादकडील आमच्या वाचकांपैकी जुन्या मंडळींना तो ठाऊक असेल. सेन यांचा म्हातारा वेंकय्या हसतो तेव्हा प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो, कारण त्याचे हसणे प्रेक्षकावरच रोखलेले असते. जीटरचे हसणे असे कुणावरच रोखलेले नाही. फोर्ड यांचा खरा दोष आमच्या मते हाच, आणि तो थट्टेचा नाही. घीसूला आपण का राबत नाही ते ठाऊक आहे. जीटरला ते ठाऊक असू देण्याची फोर्ड यांची तयारी नाही.

तरीही सलगमांच्या प्रसंगाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. जावई लव्ह बेन्सी सलगमांची पिशवी घेऊन येतो. सगळे कुटुंब कुंपणाच्या आत-बाहेर घिरट्या घालते. एली मे जमिनीवरून सरपटत त्याच्याजवळ जाते. तिची भूमिका केलेल्या जीन टिअर्नी तेव्हा अवघ्या विशीतील, पुढे त्यांच्या सौंदर्याची ख्याती झाली, येथे मात्र त्या धुळीने माखलेल्या आहेत आणि त्यांना संवाद जवळपास नाहीच. शेवटी झटापट होते आणि जीटर पिशवी घेऊन पळतो. पुढे तो देवाची क्षमाही मागतो. या प्रसंगी आमच्या खोलीत मोठ्याने हसू फुटले. आम्हीही हसलो, ते नाकारीत नाही.

मग आम्हाला आमच्याच देवळातील समाराधना आठवली. शेवटच्या पंगतीला बसलेला एखादा म्हातारा पानावरचा लाडू गुपचूप पंचाच्या गाठीत बांधतो. वाढपी ते पाहतो, शेजाऱ्याला डोळा घालतो, आणि पंगतभर खसखस पिकते. त्या म्हाताऱ्याच्या घरी कोण वाट पाहत आहे याची चौकशी आमच्यापैकी किती जणांनी केली असेल? ते हसू दुष्टपणाचे नसते, हे आम्ही जाणतो. पण ते निरागसही नसते. फोर्ड यांनी सलगमांचा प्रसंग अशा कौशल्याने रचला आहे की प्रेक्षक वाढप्याच्या जागी जाऊन उभा राहतो. त्याला तेथे उभे करणे हे कलेचे काम झाले. तेथून त्याला परत म्हाताऱ्याच्या पानापाशी आणणे मात्र या प्रसंगात घडत नाही. त्यासाठी चित्रपटाच्या शेवटापर्यंत थांबावे लागते, आणि पुष्कळसे प्रेक्षक तोवर मनाने उठून गेलेले असतात.

सिस्टर बेसीचा प्रश्न आणखी नाजूक. मार्जोरी रॅम्बो यांनी ही भूमिका मोठ्या ठसक्यात केली आहे. बेसी अडचणीत आली की भजन सुरू करते. ड्यूड वयाने लहान म्हणून कचेरीतील कारकून विवाहाचा परवाना नाकारू लागतो. बेसी तार स्वरात देवाचे गाणे म्हणू लागते. हळूहळू कारकून, चपराशी, आलेगेलेले सगळे त्यात सूर मिळवितात, आणि नियम बाजूला राहून काम होऊन जाते. आमच्यातील एक भाविक गृहस्थ या प्रसंगी उठून सज्जात गेले. धर्माची अशी विटंबना पाहवत नाही, असे ते म्हणाले. धर्म परका असला तरी भजन ते भजन. त्यांच्या भावनेविषयी आम्हाला आदर आहे. परंतु फोर्ड यांना भजनांची टवाळी करायची होती असे मानणे त्यांच्या इतर कृतींवरून कठीण जाते. नदीकाठी जमण्याचे ते प्रसिद्ध भजन १९४६ च्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये अर्ध्या बांधलेल्या देवळाच्या सोहळ्यात येते, १९५६ च्या ‘द सर्चर्स’मध्ये दफनाच्या वेळी येते, आणि दोन्ही ठिकाणी ते प्रेक्षकाचा गळा दाटून आणते. ‘टोबॅको रोड’मध्येही नीट पाहिले तर हसू बेसीच्या भक्तीचे नाही, कारकुनाच्या कायद्याचे आहे. क्षणभर का होईना, खुर्चीवरचा माणूस आणि खुर्चीसमोरचा माणूस एकाच सुरात गातात. दिंडी गावात आली की फौजदारसुद्धा दोन पावले टाळ धरून चालतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या दृश्यातील सत्य वेगळे सांगायला नको.

एवढे मात्र खरे की बेसीची भक्ती तिच्या पोटाची आणि लग्नाची सोय पाहणारी आहे, आणि चित्रपट ते लपवीत नाही. तसे महाभाग आमच्या उत्सवांतही थोडे नाहीत.

आता जमिनीविषयी. गोव्यातील वाचकांना कूळ आणि मुंडकार हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा येईपर्यंत दुसऱ्याच्या भाटात झोपडी बांधून राहणाऱ्या माणसाचे राहणे हे भाटकाराच्या मर्जीवर होते. आणि ते भाटकार म्हणजे पुष्कळदा आमचेच आप्त, कित्येक ठिकाणी तर आमची देवस्थानेच. ‘टोबॅको रोड’ पाहताना म्हणून आमची अवस्था जरा अवघड होते. चित्रपटातील टिम हार्मन हा भला माणूस. घराणे बुडाले तरी जुन्या कुळाविषयी माया ठेवणारा. तो शेवटी खिशातून खंड भरतो. प्रेक्षागृह सुखावते, आणि खरे सांगायचे तर आम्हीही सुखावलो, कारण टिमच्या जागी स्वतःला पाहणे आम्हाला फार सोयीचे जाते. पण सहा महिन्यांनी काय? पुढचा खंड कोण भरणार? जीटरला हक्क मिळालेला नाही, दया मिळाली आहे. चित्रपट वाईट सांगून न टाकता गोड करून संपविला, हा पहिल्या तटाचा आक्षेप आम्हाला मान्य आहे. फक्त त्याचे कारण आम्ही वेगळे मानतो. जीटर आणि एडा जळून मेली नाहीत याचा आम्हाला आनंदच आहे. त्यांना जगविण्याचे काम कायद्याऐवजी मालकाच्या चांगुलपणावर सोपविले, हे खटकते. आणखी एक उणीव अशी की जॉर्जियाच्या शेतीवर ज्यांच्या घामाचा सर्वांत मोठा वाटा, त्या कृष्णवर्णीय कुळांना या कथेत स्थानच नाही. कादंबरीत निदान त्यांच्याविषयीची बेपर्वाई तरी दिसते : मोटारीच्या धडकेने एक निग्रो गाडीवान मरतो आणि लेस्टर मंडळी मागे वळूनही पाहत नाहीत.

अभिनयाविषयी थोडक्यात. ग्रेपविन यांचा जीटर अविस्मरणीय आहे. देवाशी तो असा बोलतो की जणू देव शेजारच्या ओसरीवर बसला आहे. विल्यम ट्रेसी यांचा ड्यूड असह्य आहे, आणि तो तसाच असावा असे समर्थन करणाऱ्यांशी आमचे पटत नाही. कान किटतात. एलिझाबेथ पॅटरसन यांच्या एडाविषयी सहसा कुणी बोलत नाही, पण आमच्या मते चित्रपटाचा सारा तोल त्यांनी सांभाळला आहे.

तो तोल ज्या जागी कळतो ती जागा म्हणजे घर सोडून निघण्याची. दोन म्हातारी माणसे, थोडे सामान, आणि लांबच लांब रस्ता. या प्रसंगात विनोद नाही. जवळजवळ संवादही नाही. कॅमेरा दूर उभा राहतो आणि त्यांना चालू देतो. आधीचा तासभर ज्यांना आपण हसलो ती ही माणसे, हे या दोन-तीन मिनिटांत एकाएकी लक्षात येते. आमचे शिक्षक स्नेही, ज्यांनी आधी इतका कडक निकाल दिला होता, ते येथे चष्मा पुसू लागले. निकाल मात्र त्यांनी बदलला नाही. उलट म्हणाले की हे एवढे येत होते, तर आधी ते तसे का केले? आम्हाला वाटते, आधी तसे केले नसते तर हे इतके लागले नसते. यावर त्या रात्री एकमत झाले नाही आणि पुढेही होईल असे दिसत नाही.

आमच्यात एक वृद्ध बाई होत्या. इंग्रजी संवाद त्यांना फारसे कळत नव्हते आणि आमच्या वादातही त्यांनी भाग घेतला नव्हता. त्या सगळा वेळ त्या मुक्या म्हातारीकडेच पाहत होत्या. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तील इंदिर ठाकरुणही अशीच घराच्या कडेकडेने वावरते आणि बांबूच्या बनात एकटी मरते, पण तेथे दुर्गा आणि अपू तिला शोधतात, तिच्या मरणाला निदान दोन मुले साक्षी असतात. लेस्टरांच्या घरात कुणी तिच्याशी बोलत नाही. ती काटक्या वेचते. शेवटी शेवटी जीटर सहज म्हणून जातो की म्हातारी रानात गेली ती अजून आली नाही, एकदा जाऊन शोधायला हवे. या वाक्याला हसू येते. येथेही आमच्या खोलीत ते आले. बाईंनी मात्र आम्हाला विचारले, “अहो, मग ती म्हातारी सापडली का पुढं?”

चित्रपट संपेपर्यंत ती सापडत नाही. जीटर ओसरीवर बसलेला असतो.